पत्ती

2019 सालच्या जुलै महिन्यात आम्ही दोघे भाऊ चार दिवस एका बोल्टाशी झटत होतो. आजही घरात कुणी ऐकेनासं झालं की अम्मी म्हणते, "दांडीचा बोल्ट झालाय नुसता." सगळे हसतात. आम्हीही हसतो, पण त्या चार दिवसांत आम्ही अब्बांशी जसे वागलो, त्याची रुखरुख अजून मनातून गेलेली नाही. ती कुठेतरी लिहून ठेवावी असं बरेच दिवस वाटत होतं.

आम्ही बोईसरचे. आमच्यातला थोरला शाळेत विज्ञान शिकवतो, धाकटा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर आहे. आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खेडच्या बाजूला. तिथल्या अनेक घरांतली माणसं जहाजांवर इंजिनखात्यात कामाला जायची. अब्बा जहाजावर गेले नाहीत. ते मुंबईला दारूखान्यात, मोडीत निघालेल्या जहाजांची इंजिनं उघडता उघडता हे काम शिकले. पुढे बोईसर-तारापूरकडे कारखाने येऊ लागले तेव्हा पोटापाण्यासाठी इकडे आले आणि नाक्याजवळ एक पत्र्याची शेड टाकून बसले. गिऱ्हाईक मात्र कारखान्यांपेक्षा किनाऱ्यावरचंच जास्त मिळालं.

बोईसर स्टेशनावरून कारखान्यांची वसाहत मागे टाकून पश्चिमेला निघालं की थोड्या वेळात वाऱ्याचा वास बदलतो. रसायनांच्या जागी खारट, सुक्या बोंबलांचा वास येऊ लागतो. उत्तरेला तारापूरचं अणुवीज केंद्र, 1969 पासून चालू असलेलं. दक्षिणेला नवापूरपासून सातपाटीपर्यंत एकामागून एक मच्छीमार गावं. मधे खाडीच्या तोंडाशी दांडी. तिथल्या मांगेला समाजातल्या एका नाखवांशी अब्बांची 1978 पासूनची दोस्ती. नाखवा त्यांना 'मिस्त्री' म्हणत आणि अब्बा त्यांना 'नाखवा' म्हणत. चाळीस वर्षांत दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारलेली आम्ही ऐकली नाही. ईदला आमच्याकडून शीरखुर्म्याचा डबा दांडीला जायचा, नारळी पौर्णिमेला तिकडून नारळीभात यायचा. नाखवांच्या बोटीचं इंजिन अब्बांखेरीज कुणी उघडायचं नाही, हा दोघांमधला न बोललेला करार होता.

मार्च 2018 मध्ये अब्बांना लकवा झाला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि वाचाही गेली. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं की बोलण्याचं केंद्र बहुतेक माणसांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला असतं आणि शरीराची उजवी बाजूही तिथूनच चालते. म्हणून दोन्ही एकदम गेलं. पॉल ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1861 मध्ये अशाच एका रोग्यावरून मेंदूतली ती जागा दाखवून दिली. अशा माणसाला समोरच्याचं बोलणं बरंचसं समजतं. काय म्हणायचं आहे हेही त्याला ठाऊक असतं. शब्द तेवढे जिभेवर येत नाहीत. एखादाच शब्द येतो, तोही अर्धा, आणि तोच पुन:पुन्हा येत राहतो. मात्र लहानपणापासून पाठ असलेलं कधी कधी सलग येतं. अब्बा अल्हम्दु शरीफ पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणायचे, पण त्यांना तहान लागली हे सांगता यायचं नाही. हे बघताना आमचा जीव कासावीस व्हायचा. पुढे सवय झाली. सवय वाईट. सवय झाली की माणूस ऐकायचं थांबतो.

अशात 2019 चा जून आला. पहिल्या तारखेपासून मासेमारी बंद, 31 जुलैपर्यंत. 61 दिवस बोटी किनाऱ्यावर. याच दिवसांत जाळी विणायची, लाकूडकाम, रंगकाम आणि इंजिनाची कामं उरकायची. नाखवांच्या इंजिनाने मागच्या हंगामात फार त्रास दिला होता. ताकद देईना, काळा धूर सोडी, हवेच्या नळीतून फट्फट् आवाज काढी. मासा किनाऱ्यापासून लांब गेलेला, पापलेटासाठी दूर जावं लागायचं, आणि भर समुद्रात इंजिनाचा भरवसा नाही. बोटीवर कर्ज होतं. हंगामाआधी सगळ्या वर्कशॉपमध्ये कामाची रांग लागलेली. एका ठिकाणी सांगितलेला खर्च ऐकून नाखवा उठूनच आले.

ते आमच्या घरी आले तेव्हा आमच्याशी काही बोलले नाहीत. सरळ अब्बांच्या खाटेजवळ जाऊन बसले आणि इंजिन कसं कसं वागतंय ते सांगू लागले, जसं इतकी वर्षं सांगत आले होते. अब्बा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी डावा हात वर केला, मूठ वळली आणि एक बोट वाकवून हळूच दाबून दाखवलं. धाकट्याला कळलं. कॅम. कॅमचं टोक झिजलं असणार. नाखवा गप्प झाले. अब्बांनी त्याच हाताने आपल्या छातीवर थाप मारली.

म्हणजे, मी करतो.

आता करणार आम्हीच, हे आम्हालाही कळलं आणि नाखवांनाही.

ज्यांना इंजिनाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पिस्टन खालीवर होतात आणि त्यांची ती धावपळ क्रँक गोल फिरवतो. कॅमशाफ्ट म्हणजे अंड्यासारखी टोकं काढलेली दांडी. ती फिरली की ती टोकं पाळीपाळीने व्हॉल्व्ह उघडतात; एक हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एक. म्हणून त्याच्या गिअरला दात दुप्पट. या दोन्ही युक्त्या जुन्या आहेत. इस्माईल अल-जझरी यांनी 1206 मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकरला यंत्रांवर जो ग्रंथ पुरा केला, त्यात क्रँकने चालणारा पाण्याचा पंपही आहे आणि खुंट्या बसवलेल्या दांडीने हलणाऱ्या बाहुल्याही. थोरल्याने ही माहिती एकदा मोठ्या कौतुकाने अब्बांना सांगितली होती. तेव्हा अब्बांची वाचा शाबूत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक. जाम झालेला बोल्ट कसा सोडवायचा, ते लिहिलंय का त्यात?"

नाखवांच्या घरापुढच्या अंगणात बांबू रोवून वर प्लास्टिक ताणलं. बोटीतून चेनकप्पीने उचलून इंजिन तिथे आणलं. सहा सिलिंडरचं, सहा-सातशे किलोचं धूड. बाजूला बोंबील वाळवायच्या वलांड्या पावसामुळे रिकाम्या उभ्या. धाकट्याने डायल गेज लावून एकेक व्हॉल्व्ह किती उघडतो ते मोजलं. चौथ्या सिलिंडरचा धूर सोडणारा व्हॉल्व्ह बाकीच्यांच्या निम्माही उघडत नव्हता. अब्बांनी खाटेवर बसून केलेलं निदान बरोबर निघालं. दारूखान्यातून एक बऱ्या अवस्थेतला कॅमशाफ्ट मिळाला. तो घासूनपुसून, मोजून ठेवला. हेड उतरवलं, पुशरॉड काढले, ऑईलचं चेंबर खोललं आणि टॅपेट कॅमवर पडू नयेत म्हणून इंजिन उलटं करून ठेवलं. इथवर सगळं ठीक चाललं. मग 20 जुलैच्या शनिवारी सकाळी आम्ही पुलीच्या त्या बोल्टाला हात घातला.

तो बोल्ट निघाल्याशिवाय पुली निघणार नव्हती. पुली निघाल्याशिवाय पुढचं झाकण, आणि झाकण निघाल्याशिवाय कॅमशाफ्टचा गिअर दिसणारही नव्हता. बोल्टाचं डोकं 32 मिलिमीटरचं, पुलीच्या मधल्या खोल वाटीत बसलेलं. वाटीत जुनं ग्रीस, रंगाचे थर आणि खारा गंज मिळून सिमेंटसारखं घट्ट झालेलं. आम्ही वरवर खरवडलं, गोटी बसेल एवढी जागा केली आणि टॉमीत चार फुटी पाईप घातला.

धाकटा पाईपला लटकला. काही नाही. थोरल्याने गणित मांडलं: 60 किलोचं वजन, सव्वा मीटरची तरफ, म्हणजे सुमारे 700 न्यूटन-मीटरचा पीळ. कुठलाही शहाणा बोल्ट एवढ्याला सुटायला हवा. नाखवांचा मुलगा आला, तोही लटकला. क्रँक फिरू नये म्हणून फ्लायव्हीलला लोखंडी अँगल बांधून तो जमिनीला टेकवला होता. तो अँगल धनुष्यासारखा वाकला, बोल्ट जागचा हलला नाही. शेजारचा एक मुलगा म्हणाला, पाईप जमिनीला टेकवा आणि स्टार्टर मारा, इंजिन स्वत:च बोल्ट सोडवेल. युक्ती खोटी नाही. इंजिन ज्या दिशेला फिरतं त्या दिशेला असा बोल्ट आवळला जातो, म्हणून पाईप अडवून क्रँक फिरवला की तो ढिला होतो. पण आमचं इंजिन पाय वर करून पडलेलं, स्टार्टर बोटीत. आणि तो पाईप सटकला तर कुणाची तरी नडगी जाणार.

अब्बांना आम्ही रोज रिक्षाने आणत होतो. छपराखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर ते बसायचे. त्या दिवशी दुपारी ते पहिल्यांदा बोलले.

"पत्ती."

इतका स्पष्ट शब्द कित्येक दिवसांत आला नव्हता. आम्हाला आनंदच झाला. काकू दारातच होत्या. त्या म्हणाल्या, "चहा मागताहेत. आणते." काकूंनी आलं घालून चहा आणला. अब्बांनी कपाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाले, "पत्ती." आम्हाला वाटलं, चहा कडक हवा. काकूंनी पत्ती वाढवून दुसरा कप आणला. हात थरथरतो म्हणून आम्हीच कप त्यांच्या तोंडाला लावला. त्यांनी एक घोट घेतला आणि मान फिरवली.

रात्री वाटीत रॉकेल आणि डिझेल ओतून ठेवलं. लोखंड गंजलं की फुगतं, आट्यांत जागा उरत नाही, आणि समुद्राच्या पाण्याने हे फार लवकर होतं. तेल झिरपलं तर सुटेल, अशी आशा.

रविवारी सकाळी घण घेतला. टॉमीवर घणाचे घाव घातले. त्या सुमारास डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसत होते, 2018 च्या नोव्हेंबरपासून चालू झालेले. पलीकडच्या घरातली एक आजी बाहेर येऊन म्हणाली, "मला वाटलं इथे पण आला." लोक हसले. आम्हाला हसू आलं नाही. अर्ध्या इंची टॉमीचं चौकोनी टोक मोडलं. पालघरला जाऊन पाऊण इंची आणली. गॅसने बोल्टाचं डोकं तापवलं. ऑईल सील जवळच असल्याने फार तापवताही येईना. दिवस मावळला. बोल्ट तिथेच.

आणि दिवसभर मागून आवाज येत होता. "पत्ती. पत्ती." काकूंनी त्या दिवशी किती वेळा चुलीवर आधण ठेवलं याची मोजदाद नाही. खुर्चीच्या पायाशी थंड चहाचे कप जमत गेले. आमच्या मनात आलं, डॉक्टर म्हणाले होते तसंच झालंय, एकच शब्द अडकून बसलाय. आम्ही "हो अब्बा, आणतो अब्बा" म्हणत राहिलो. पाठ त्यांच्याकडे आणि तोंड बोल्टाकडे.

सोमवार सगळ्यांत वाईट गेला. थोरल्याने शाळेतून दोन दिवसांची रजा घेतली होती. धाकटा रात्रपाळी करून आला होता. पाऊस असा की प्लास्टिकमध्ये पाणी साचून छप्पर खाली यायचं. गोटी बोल्टावरून दोनदा घसरली. डोक्याचे कोपरे गोल होऊ लागलेले स्पष्ट दिसत होते. कोपरे गेले की गोटी पकडणार नाही, मग बोल्ट कापावाच लागणार, आणि कापताना क्रँकचं नाक दुखावलं तर इंजिनच गेलं. तिसऱ्यांदा जोर लावला आणि फाट् आवाज झाला. आम्ही 'सुटला' म्हणून ओरडलो. गोटीला तडा गेला होता. धाकट्याची बोटं पुलीच्या कडेवर आपटून सोलली.

मागून पुन्हा आवाज आला. "पत्ती! पत्ती!" काकूंनी धावत चहा आणला. अब्बांनी डाव्या हाताने कप उडवला. चहा काकूंच्या लुगड्यावर सांडला.

आमच्यातला एक जण अब्बांकडे वळून ओरडला, "अब्बा, गप्प बसा जरा! चार माणसं इथे राबताहेत आणि तुम्हाला चहाची पडलीये?"

कोण ओरडला हे इथे लिहीत नाही. दुसऱ्याच्या मनातही तेच होतं आणि त्याने अडवलं नाही. म्हणून ते आम्ही दोघांनीही म्हटलं असंच आम्ही धरतो.

अब्बा गप्प बसले. संध्याकाळी रिक्षात बसवताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. आयुष्यभर ज्या माणसाने कुणाच्या दारी चहासाठी शब्द टाकला नव्हता, त्याला आम्ही भरल्या अंगणात चहाचा हावरा ठरवलं होतं. नाखवा काहीच बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरांनो, राहू दे. एखादी कापणारा बोलावतो." त्यांच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री घरी अम्मीला सगळं सांगितलं. ओरडल्याचं सांगितलं नाही. पण आयांना ते न सांगताच कळतं. ती म्हणाली, "उद्या मी येते."

मंगळवारी, 23 जुलैला ती अब्बांच्या शेजारी स्टुलावर बसली. पाऊस थोडा थांबला होता. आम्ही उधार आणलेली जाड गोटी घेऊन पुन्हा बोल्टापाशी गेलो. अब्बांनी काल संध्याकाळपासून तोंड उघडलं नव्हतं. आम्ही गोटी बसवली, टॉमी घातली, आणि तेवढ्यात ते म्हणाले, अगदी हळू, "पत्ती."

काकू उठू लागल्या. अम्मीने त्यांचा हात धरला.

"बसा ताई. ते चहा नाही मागत."

मग आमच्याकडे वळून म्हणाली, "पन्नास वर्षं चहा करून देतेय मी यांना. एकदा तरी चहाला पत्ती म्हणालेत का ते? चाय म्हणतात. पत्ती म्हणजे तुमच्या कामातलं काहीतरी असेल. तुम्ही गोटी घालता तेव्हाच ते बोलतात, बघितलंत का?"

आम्ही बघितलं नव्हतं. आमची पाठ होती त्यांच्याकडे.

धाकट्याच्या हातातून टॉमी गळाली. पत्ती. लॉकपत्ती. नटबोल्ट आपोआप ढिला होऊ नये म्हणून त्याच्या डोक्याखाली बसवतात तो पातळ पत्रा. त्याचा एक कान पुलीच्या भोकात वळवतात, दुसरा बोल्टाच्या चपट्या बाजूवर उभा मुडपतात. कारखान्यात हा रोज तेच काम करतो. पण या इंजिनाच्या या बोल्टाला कंपनीची लॉकपत्ती येतच नाही. पुस्तकात नाही, चित्रात नाही, म्हणून आमच्या डोक्यातही नाही.

तो अब्बांपुढे उकिडवा बसला आणि त्याने विचारलं, "अब्बा, पत्ती तुम्ही घातली होती?"

अब्बांनी डोळे मिटले आणि मान हलवली. डावा हात पुढे करून अंगठ्याने हवेत काहीतरी मुडपून दाखवलं.

तेव्हा नाखवांना आठवलं. 2005 चा हंगाम. हाच बोल्ट समुद्रात ढिला झाला होता. पुली डुगडुगून चावी खाल्ली गेली, पाण्याचा पंप बंद पडला, आणि दुसऱ्या बोटीने यांची बोट ओढत आणली होती. "मिस्त्रीने तेव्हा दुरुस्त केलं आणि मला म्हणाला, नाखवा, आता हा बोल्ट माझ्याशिवाय कुणाला सुटणार नाही. मला वाटलं, थट्टा करतोय."

बॅटरी आणि दाढीचा आरसा घेऊन आम्ही ती वाटी तळापर्यंत साफ केली. जुन्या स्क्रूड्रायव्हरने, खिळ्याने, शेवटी दातकोरणीएवढ्या तारेने. तासभर लागला. तळाशी, रंगाच्या तीन थरांखाली, पत्र्याची कड दिसली. मग बोल्टाच्या अंगाला चिकटून उभा असलेला तिचा कान. हाताने कापलेला, कानशीने कडा गोल केलेला. त्या कानावर अडकूनच आमची गोटी डोक्यावर अर्धीच बसत होती. म्हणून ती घसरत होती, म्हणून ती तडकली. तीन दिवस आम्ही अर्ध्या पकडीवर पूर्ण जोर लावत होतो, आणि अब्बा हे लांबून पाहत होते. गोटी पुरी बसली नाही हे त्यांना तिच्या आवाजावरून कळत असणार. चाळीस वर्षं ज्याने तो आवाज ऐकला, त्याला डोळ्यांची गरज नसते.

बारीक छिन्नीने कान सरळ केला. गोटी खटकन अर्धा इंच आत गेली. अब्बांनी तो आवाज ऐकून मान वर केली.

आता क्रँक घट्ट अडवायचा होता. चेंबर उघडंच होतं. आधी आम्ही क्रँकच्या बाहीत आणि ब्लॉकच्या भिंतीत खोक्याच्या फळीचा तुकडा अडकवून पाहिला होता, तो चुरगळला होता. नाखवा मागच्या पडवीत गेले आणि बाभळीचा ठोकळा घेऊन आले. होडीच्या फासळ्यांसाठी वापरतात ती जुनी बाभूळ, दगडासारखी. तासून ती नेमकी बसवली. बोल्ट थोडा तापवला. पाईप घातला.

अब्बांनी हात पुढे केला. आम्ही खुर्ची उचलून त्यांना पाईपापाशी नेलं. त्यांनी डावा तळवा पाईपावर ठेवला. त्या तळव्यात जोर होता असं म्हणणं खोटं होईल. शेजारी नाखवा, मग आम्ही दोघे. "बिस्मिल्लाह" म्हणून ओढलं. बाभूळ कुरकुरली. आणि मग कड्ड आवाज झाला. पुन्हा काही मोडलं म्हणून आमच्या पोटात गोळा आला. पण पाईप खाली गेला होता, आणि गोटी त्याच्याबरोबर फिरली होती.

पुढचे आटे हाताने सुटले.

कुणी ओरडलं नाही. अब्बांनी बोल्ट मागून घेतला, मांडीवर ठेवला आणि त्याच्या गोल झालेल्या कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. मग आमच्याकडे बघून जीभ टाळ्याला लावून 'च् च्' केलं. एवढी चांगली वस्तू, काय करून ठेवलीत. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि हाताने कपाची खूण केली. त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला. आमच्यातल्या ज्याच्या तोंडून ते शब्द गेले होते, त्याने कप धरला. अब्बांनी पूर्ण प्याला. माफी मागायला आमच्याकडे शब्द होते आणि तोंडातून निघत नव्हते. तेव्हा त्यांचं रोजचं दुखणं काय असेल, याची थोडी कल्पना आली.

बाकीचं काम दोन दिवसांत झालं. जुना कॅमशाफ्ट ओढला. चौथ्या सिलिंडरचं ते टोक खरंच चपटं झालं होतं. नवा घातला, गिअरच्या खुणा जुळवल्या, टॅपेटच्या फटी गेजने बसवल्या. बोल्ट परत लावताना आमचा वाद झाला. धाकटा म्हणाला, आता आट्यांना लावायचं औषध मिळतं, टॉर्कपाना आहे, पत्तीची गरज नाही. हिशेबाने त्याचंच बरोबर. पण त्याने बोल्ट नवा आणला, औषध लावलं, टॉर्कपान्याने आवळला, आणि तरीही दीड मिलिमीटर पत्र्याची पत्ती कापली. कान मुडपण्याआधी ती अब्बांना दाखवली. अब्बांनी कड तपासली, एक कोपरा दाखवला. तो पुन्हा कानशीने घासला.

31 जुलैला बंदी संपली, पण पाऊसवारा पाहून नाखवा थांबले. त्या वर्षी बकरी ईद 12 ऑगस्टला आणि नारळी पौर्णिमा 15 ला आली. 16 च्या पहाटे बोट निघाली. आम्ही अब्बांना किनाऱ्यावर नेलं होतं. इंजिनाचा आवाज खाडीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होता, एकसारखा. तो ऐकू येईनासा होईतो अब्बांनी घरी चला अशी खूण केली नाही.

त्यानंतर आम्ही एक वही केली. रोज संध्याकाळी अब्बांपुढे बसायचं, एकेका गिऱ्हाइकाचं, एकेका बोटीचं नाव घ्यायचं आणि विचारायचं, इथे काय केलं होतं? पंपात? गिअरबॉक्सात? ते हो-नाही करायचे, बोटांनी आकार दाखवायचे. कधी तासभर बसून एक ओळ मिळायची. अम्मी शेजारी असायची. आम्ही चुकलो की तिला आधी कळायचं. वहीची 41 पानं भरली. 2021 च्या डिसेंबरात अब्बा गेले. वहीत न आलेलं किती असेल, ते त्यांच्याबरोबर गेलं.

गेल्या वर्षी दांडीला गेलो होतो. बोट आता नाखवांचा मुलगा चालवतो. इंजिन तेच आहे. इंजिनाच्या लाकडी पेटीचं झाकण त्याने उचललं, तर आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

'पुलीच्या बोल्टामागे पत्ती आहे. आधी ती सरळ करा.'